दुसरी हाक

होळी जवळ आली की हल्ली माझ्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं एकाच वेळी उभी असतात. एकाला हिरवी जाळी हवी असते. गच्चीवर, गोठ्यावर, टपरीपुढं ताणायला, कारण ऊन सोसवत नाही. दुसऱ्याला ताडपत्री हवी असते, कारण त्याच्या मोबाइलवर ढगाचं चित्र आलेलं असतं आणि त्याचा गहू अजून रानात उभा असतो. दोघं एकमेकांकडं असं बघतात, जणू समोरचा चुकीच्या महिन्यात आलाय. तसं बघायला गेलं तर चुकलेलं कुणीच नसतं. महिनाच चुकलेला असतो.

मी धंद्याला लागलो तेव्हा असं नव्हतं. जाळीचा हंगाम वेगळा, ताडपत्रीचा वेगळा. मृगाच्या आधी पंधरा दिवस ताडपत्रीच्या गठड्या पुढं यायच्या आणि दसऱ्याला मागं जायच्या. आता दोन्ही माल बारा महिने दारातच ठेवतो. शहरातल्या औरंगपुऱ्यातलं माझं दुकान अरुंद, तिथं माणसाला वळायला जागा नाही. शेजारचे दुकानदार म्हणतात, "सोपानशेठ, तुमची चांदी हाय बरं का. ऊन पडू द्या का गारा, गल्ला तुमचाच."

मी चिडतो. मी तसाही लवकर चिडतो, सगळ्या गल्लीला ते ठाऊक आहे. पण या वाक्यावर जरा जास्तच. त्यांना वाटतं, मी दृष्ट लागू नये म्हणून चिडतो.

परवा दुपारी पुन्हा तसंच झालं. ऊन इतकं की रिक्षाच्या सीटवर बसवत नव्हतं, आणि चार वाजता पश्चिमेकडं आभाळ एकदम शिशासारखं झालं. वारा थांबला. धूळ जिथल्या तिथं राहिली. वाऱ्याचं ते थांबणं मला ओळखीचं आहे. त्याला एक वास असतो; तापलेल्या मातीचा नव्हे, ओल्या लोकरीचा. तो खरोखर येतो की माझ्याच नाकात बसलेला आहे, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

ही ओळख दुकानाच्याही आधीच्या एका हंगामातली. त्याच्या आधीची दोन वर्षं पाऊस नुसता हूल देऊन गेला होता. तेव्हा आमची साठेक मेंढरं होती. काळी, खरबरीत लोकरीची, आमच्या आबांच्या शब्दात 'दगड खाऊन दगड पचवणारी'. आबा म्हणजे माझे वडील. आई, आबा आणि मी, एक घोडं, दोन कुत्री, आणि रात्री मेंढरांभोवती उभं करायचं दोऱ्याचं जाळं, एवढं आमचं घर. दिवाळी झाली की गाव सोडायचं आणि रानोरान फिरत कापसाच्या पट्ट्यातून शहराजवळ, शेंद्र्याच्या अंगाला यायचं. वेचणी झालेली पऱ्हाटी मेंढरं खायची. रात्री ती एखाद्याच्या शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यामुतानं रान तयार व्हायचं, आणि त्याबदल्यात शेतकरी ज्वारी द्यायचा. किती रात्री बसवायची, ज्वारी किती, हे बांधावर ठरायचं. ते ठरवण्यात आबांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आबा बांधावर बसायचे, काडीनं मातीत रेघा ओढायचे, शेतकऱ्याच्या बैलांची चौकशी करायचे, आणि बोलणं ऐन रंगात आलं की धोतर झटकून उठायचे. "बरं, येतो मग." आणि चालायला लागायचे. मी मागं वळून बघितलं की दंडाला चिमटा बसायचा.

"पुढं बघ. वळायचं नाय."

"आबा, हाक मारतोय तो."

"मारू दे. पहिली हाक तोंडानं मारत्यात. दुसरी आली की समजायचं, गडी वाकला."

आणि दुसरी हाक यायचीच. कधी आंब्याच्या झाडापर्यंत, कधी ओढ्यापर्यंत, पण यायची. तेव्हा आबा असे वळायचे, जणू त्यांना आताच ऐकू आलं. मला त्या वळण्याचं इतकं कौतुक होतं की गावच्या बाजारात मी वांगी घेतानासुद्धा चार पावलं जाऊन बघायचो. शाळा सातवीत सुटली. ही विद्या मात्र पक्की झाली.

दुसऱ्या दुष्काळात ही विद्या चालेना. शेतकऱ्याकडंच ज्वारी नव्हती, तर देणार काय? ज्या रानात पऱ्हाटी असायची तिथं ढेकळं होती. शेंद्र्याकडं यायच्या वाटेवर नवीन भिंती उभ्या राहिल्या होत्या. भिंतीच्या आत कारखाने, आणि जिथं अजून कारखाना नव्हता तिथं तारेचं कुंपण आणि प्लॉटचा फलक. मेंढरं सवयीनं जुन्या वाटेनं जायची आणि तारेला नाक लावून उभी राहायची. म्होरकी मेंढी तर मागं वळून आबांकडं बघायची. तिला वाटायचं, आबांनी सांगितलं की तार बाजूला होईल.

जनावरांची छावणी पडलीय असं कुणीतरी सांगितलं. आम्ही दोन दिवस चालून तिथं गेलो. गेटावर एक माणूस वही घेऊन खुर्चीवर बसला होता.

"बाबा, ही छावणी जनावरांची हाय," तो म्हणाला.

आबांनी मागं साठ मेंढरांकडं बघितलं. "मग हे काय पाव्हणे घेऊन आलो का मी?"

"मोठ्या जनावरांची. गाय, बैल, म्हैस. शेळ्यामेंढ्यांचं कागदात नाय."

"पोट ल्हान हाय म्हणून भूक लागत नसंल त्यांना?"

"मला कशाला सांगता? वरून आलंय तसं."

"वरून?" आबा आभाळाकडं बघत म्हणाले. "वरून पाऊस तरी कुठं आलाय?"

तो माणूस हसला. वाईट नव्हता. आमच्या कुत्र्यांना त्यानं पाणी पाजलं. पण मेंढरं आत घेतली नाहीत. पुढं कुठंकुठं घ्यायला लागले म्हणतात. तोवर आमच्याकडं न्यायला काही उरलं नव्हतं. मी अजून त्या गेटाजवळून जातो तेव्हा माझं डोकं तापतं. तिथं आता मंगल कार्यालय आहे आणि त्याचा मंडप माझ्याच दुकानातल्या कापडाचा असतो. बिलात मी त्यांना एक पैसा सोडत नाही.

त्या वर्षी ऊन माघातच तापलं. मेंढरं उन्हात कशी उभी राहतात हे शहरातल्या माणसानं पाहिलेलं नसतं. एकीचं डोकं दुसरीच्या पोटाखाली, दुसरीचं तिसरीच्या. साठ जणींचं मिळून एकच जनावर झाल्यासारखं, आणि त्या जनावराला तोंडच नाही. सावली म्हणून त्यांच्याकडं एकमेकींशिवाय काही नसतं. धापेनं त्यांच्या कुशी नुसत्या लपलप करत होत्या. लोकर अंगावर गोधडीसारखी.

आमच्याकडं लोकर होळी झाल्यावर कातरतात. त्याआधी नाही. का नाही, हे कुणी सांगत नाही, तसंच असतं. त्या वर्षी आईच म्हणाली, "होळीची वाट बघत बसाल तर होळीत टाकायलाच राहतील." आबा दोन दिवस मेंढरांच्या पाठी चाचपत फिरले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काढा." हल्ली लोक ज्याला हवामानाशी जुळवून घेणं म्हणतात ना, ते आम्ही असं केलं. कुणी शिकवायला आलं नव्हतं.

एरवी कातरणीआधी मेंढरं ओढ्यात नाहीतर तळ्यात धुवून काढतात. तो एक सणच असतो. पाणी गढूळ होतं, माणसं भिजतात, बाया हसून हसून बांधावर बसतात. त्या वर्षी धुवायला पाणी नव्हतं, म्हणून मातीसकट लोकर काढली. भावकीतले चार लोक आले. मेंढीचे पाय बांधायचे, तिला आडवी पाडायची, आणि मोठ्या कात्रीनं पोटाकडून पाठीकडं जायचं, कातडीला न लागता. म्होरकीला आधी हळद लावली, भंडारा उधळला. पुरणपोळीच्या जागी आईनं गुळाची भाकरी केली. कुणी तोंड वाकडं केलं नाही. संध्याकाळपर्यंत साठ मेंढरं अशी दिसायला लागली, जणू दुसऱ्याच कुणाची. पिंडऱ्या, फासळ्या, सगळं उघडं. त्यांना इतकं हलकं वाटलं असणार की कोकरांसारख्या उड्या मारत होत्या. आबा सोडून सगळे हसले.

आबा पश्चिमेकडं बघत होते. तिथं काहीच नव्हतं.

"सोपाना," ते म्हणाले, "अंग उघडं झालंय त्यांचं. एक मोठी ताडपत्री असू दे जवळ. उद्या शहरात जाऊन ये."

"फाल्गुनात ताडपत्री?"

"असू दे म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपनं मी शहरात आलो. औरंगपुऱ्यात तेव्हा ताडपत्रीचं मोठं दुकान रहीमचाचांचं. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, कानाला पेन्सिल लावलेली. दुकानात पुढं सगळे पाण्याचे ड्रम मांडलेले, कारण शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येत होतं. ताडपत्र्या मागं, धुळीत.

"क्या रे, फागुन में ताडपत्री? शादी है क्या किसकी?"

"मेंढराला पायजे."

"मेंढी की शादी?" चाचा आणि त्यांच्या गादीवरचे दोघंतिघं हसले. मलाही हसू आलं असतं, पण मी रागावलो. रागानं मी भाव पाडायला बसलो. फाल्गुनात तुमची ताडपत्री घेतंय कोण, उंदीर खातील तिला, धुळीसकट विकताय, असलं सगळं बोललो. चाचा उतरले. आणखी उतरले. मग एका ठिकाणी थांबले.

"बस. इसके नीचे नै उतरता. खरीदी है ये मेरी."

राहिलेला फरक किती होता? दोन माणसांच्या जेवणाचा. तेवढे पैसे माझ्या खिशात होते. पण मी धोतर नसताना धोतर झटकल्यासारखा उठलो, आणि "बरं, येतो मग" म्हणून चालायला लागलो.

पुढची हकिकत मी आजपर्यंत शंभर माणसांना सांगितलीय. धंद्यातल्या लोकांना, सोयऱ्यांना, बायकोला. मी चालत राहिलो, चौकापर्यंत गेलो, पण त्या म्हाताऱ्यानं काही मला हाक मारली नाही. एवढ्याशासाठी. फाल्गुनात पडून असलेल्या मालासाठी. ऐकणारे चुकचुकतात. म्हणतात, ही व्यापाऱ्याची जात.

मी रिकाम्या हातानं परत गेलो. आबांनी विचारलं. मी म्हणालो, "वाकला नाय. परवाच्या बाजाराला जातो, तवा बघ कसा देतोय."

आबा म्हणाले, "बरं."

बाजाराच्या आदल्या दुपारी वारा थांबला.

गारा आम्हाला नव्या नव्हत्या. लहानपणी बोराएवढ्या पडायच्या, पोरं वेचून खायची. या गारा तशा नव्हत्या. पहिली गार घोड्याच्या पाठीवर पडली तेव्हा ते किंचाळलं, घोडं इतकं किंचाळतं हे मला माहीत नव्हतं. आबांनी घोंगडी डोक्यावर घेतली आणि हाताला येतील ती कोकरं आत ओढली. मेंढरं त्यांना ठाऊक होतं तेच करायला लागली. एकीचं डोकं दुसरीच्या पोटाखाली. उन्हात केलं तेच. पाठी सगळ्यांच्या उघड्या.

गारांनी मेली ती थोडीच. मारलं ते नंतरच्या पावसानं आणि वाऱ्यानं. दोन दुष्काळांत अंगावर चरबी राहिली नव्हती, लोकर तर आम्हीच काढली होती. ती लोकर पोत्यांत भरून झाडाखाली ठेवलेली होती. आबांनी विळ्यानं पोती फाडली आणि मुठीमुठीनं लोकर त्यांच्या पाठीवर टाकायला लागले. आई टाकायला लागली. मी टाकायला लागलो. वारा ती उडवून नेत होता, पाऊस ती भिजवून खाली पाडत होता, आणि आबा पुन्हा उचलून टाकत होते. दाबून धरत होते. अंगावरून काढलेली लोकर पुन्हा अंगाला चिकटत नाही, हे त्या माणसाला सांगायची माझी छाती झाली नाही.

दिवस मावळायच्या आत मेंढरं गुडघ्यांवर बसायला लागली. बसलेली उठली नाहीत. साठातली एकोणीस राहिली.

पंचनामे झाले. द्राक्षांचे झाले, गव्हाचे झाले, दोन बैल दगावले त्यांचे झाले. आम्हीही रांगेत उभे राहिलो. समोरच्या साहेबांनी विचारलं, "कोणत्या गटात मेली?" गट म्हणजे जमिनीचा नंबर. आम्ही बोट दाखवलं, त्या रानात. रानाचा मालक म्हणाला, माझ्या नावावर नका लिहू, उगी कागद मागं लागतील. साहेब म्हणाले, "तुम्ही इथले रहिवासी नाही. तुमच्या गावात जाऊन नोंद करा." गावात गेलो. तिथले म्हणाले, "आपल्याकडं गारा पडल्याच नाहीत. कशी लिहू?" म्हणजे मेंढरं जिथली होती तिथं मेली नव्हती, आणि जिथं मेली तिथली ती नव्हती. मी टेबलावर हात आपटला. आबांनी मला धरून बाहेर आणलं. मी एवढ्या जोरात ओरडलो होतो, तरी त्या खोलीत कुणी मान वर केली नव्हती. लिहीत होते.

उरलेली एकोणीस आबांनी बाजारात नेली. खाटकानं दर सांगितला. मी वाट बघत होतो, आबा आता काडी उचलतील, रेघ ओढतील, उठतील. आबांनी मान हलवली आणि दावी त्याच्या हातात दिली. पहिल्या दराला. मी आयुष्यात आबांना पहिला दर घेताना बघितलं ते तेवढंच.

त्यानंतर मी शहरात आलो. आणि कुठं गेलो, तर रहीमचाचांकडंच. गठड्या उचलायचं काम मागितलं. मला त्यांच्या समोर रोज उभं राहायचं होतं. माणूस राग धरून कामाला लागला की फार मेहनती होतो. पाच वर्षांत मला कापडाची जात अंधारात हात लावून कळायला लागली, आठव्या वर्षी मी समोर स्वतःचं दुकान टाकलं. चाचांनीच पहिला माल उधार दिला. मी त्यांचे आभार मानले नाहीत. मला वाटायचं, ते माझं देणं लागतात.

शहर वाढत गेलं आणि मी शहराबरोबर. जिथं आम्ही मेंढरं बसवायचो तिथल्या कारखान्यांच्या शेडांना मी जाळी पुरवली. त्या रानाची माती आम्ही वर्षानुवर्षं काळी केली होती, ती खरवडून प्लॉटवाल्यांनी मुरूम टाकला. गारखेड्यात मी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आबा आता तिथं असतात. आई गेली. बाल्कनीत मीच लावलेल्या हिरव्या जाळीतून आबा दिवसभर आभाळ बघतात. त्यांना ते हिरवं दिसतं. "तुझ्या आभाळाला शेवाळ आलंय," म्हणतात.

मागच्या वर्षी हवामान बदलावर एक मोठी सभा होती. मंडप माझा, म्हणून मी मागं उभा. व्यासपीठावरचे पाहुणे भले गृहस्थ दिसत होते. त्यांनी पडद्यावर नकाशे दाखवले, लाल झालेले. ऊन लवकर येईल, पाऊस कमी दिवसांत जास्त पडेल, गारपीट वाढेल. सगळं खरं. शेवटी म्हणाले, "लोकांनी बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला शिकलं पाहिजे."

माझा हात आपोआप वर गेला. "साहेब, ऊन लवकर आलं म्हणून आम्ही लोकर लवकर काढली. मग गारा आल्या. आता सांगा, नेमकं कुणाशी जुळवून घ्यायचं होतं? उन्हाशी का गारांशी?"

लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

पाहुणे म्हणाले, "तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण मेंढीपालन या सत्रात येत नाही."

कागदात नाय, सत्रात नाय. मी बाहेर येऊन माझ्याच मंडपाच्या खांबाला लाथ मारली. अंगठा आठवडाभर सुजला होता. घरी आबा म्हणाले, "खांबाचा पंचनामा झाला का?"

हे सगळं मी रागानं लिहितोय, आणि यातला राग खरा आहे. तो मी कुणाला कमी करू देणार नाही. पण परवा आभाळ शिशाचं झालं तेव्हा एक गोष्ट घडली, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर मी लिहिणाऱ्यातला नव्हे.

दुकानात एक म्हातारी आली. डोक्यावरून पदर, हातात काठी, पायांत टायरच्या चपला. धनगराची बाई मला चपलांवरून कळते.

"ताडपत्री दाव बाबा. मोठी."

"कशाला, मावशी?"

"तुला काय करायचंय? मेंढराला."

मी भाव सांगितला. तिनं निम्मा सांगितला. मी म्हणालो, निम्म्यात निम्मी कापून देतो. ती म्हणाली, "तुझ्या दुकानावर टाकायला कापून ठिव, गळत असंल." मजा आली. बऱ्याच दिवसांनी तोडीचं कुणी भेटलं होतं. मी उतरलो. आणखी उतरलो. मग एका ठिकाणी थांबलो, खरेदीच्या. ती काठी टेकत उठली.

"बरं, येते मग."

आणि चालायला लागली.

मी हाक मारली. "ओ मावशी!" ती थांबली नाही. पण तिच्या मानेत काहीतरी झालं. ऐकू आलेल्या माणसाची मान किंचित ताठ होते. न ऐकलेल्याची होत नाही. ही मान मला माहीत होती. ती माझी होती.

कारण चाचांनी मला हाक मारली होती.

मी ऐकली होती. "ए सुन! ले जा, चल!" स्पष्ट, मोठ्यानं. मी चार पावलांवर होतो. माझी मान ताठ झाली आणि मी चालत राहिलो, दुसऱ्या हाकेसाठी. चौकापर्यंत गेलो. चाचांना ती रीत कुठं माहीत होती? त्यांनी एकदा बोलावलं, पोरगा आला नाही, ते ड्रमच्या गिऱ्हाइकाकडं वळले. पुढं एकदा चहा पिताना त्यांनी मला विचारलंही होतं, "उस दिन मैं आवाज दिया था रे तेरे को. सुना नै क्या?" मी म्हणालो, "नाय ऐकलं, चाचा." त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मेरा आवाजच छोटा है." आणि त्यांनी तो दोष स्वतःकडं ठेवला. ते आता दुकानावर येत नाहीत, लेकीकडं असतात. मी भेटायला गेलेलो नाही.

छावणीचं गेट खरं आहे. गट नंबर खरा आहे. अवेळी तापलेला माघ खरा आहे, आणि तो आमच्यासारख्यांनी तापवलेला नाही. पण त्या सगळ्यांच्या मधे एक ताडपत्री होती, ती माझ्या पाठीमागं चार पावलांवर होती.

मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो आणि दुसरी हाक मारली. इतक्या जोरात की अख्खी गल्ली बघायला लागली. म्हातारी वळली. अगदी सावकाश, जणू आताच ऐकू आलं.

"काय रे, एवढं बोंबलायला काय झालं?"

"घेऊन जा. तुमच्या भावानं. आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढू नका."

"आधीच द्यायची व्हती की मग." तिनं पैसे मोजून ठेवले, गठडं डोक्यावर घेतलं. जाताना म्हणाली, "शेंद्र्याच्या अंगाला बसलोय आम्ही. तुझ्या दुकानापरीस तिथं वारं बरं हाय." शेजारचे हसले. मी शटर अर्धं ओढलं आणि घरी गेलो.

आबा बाल्कनीत होते. मी खाली फरशीवर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. चाचांची हाक. मी ऐकली होती ते. चौकापर्यंत गेलो होतो ते. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जाळीचा सुटलेला दोरा बांधायला लागले.

"शिकिवलं तर मीच व्हतं," ते म्हणाले.

मग मान माझ्याकडं वळवून त्यांनी विचारलं, "त्या म्हातारीची मेंढरं कातरल्याली हायेत का?"

मी विचारलं नव्हतं. एवढी घासाघीस केली, तिच्या चपला बघितल्या, मान बघितली, आणि विचारायचं तेवढंच राहिलं होतं.

"किती हायेत? एका ताडपत्रीत मावतील?"

तेही विचारलं नव्हतं.

"मग इथं काय बसलाय?" आबा एकदम खेकसले, जुन्या आवाजात. "जा!"

दुकानातून आणखी दोन ताडपत्र्या काढल्या, स्कूटरला मागं बांधल्या आणि जालना रोडला लागलो. आभाळ तसंच होतं. वारा अजून थांबलेलाच. सवय जात नाही; म्हातारीला या दोन्हींचा काय भाव सांगायचा याचा मी मनात हिशेब करत होतो, तिचीही उत्तरं मीच देत होतो. चिकलठाणा येईपर्यंत तिनं मला निम्म्यावर आणलं होतं. कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या तेव्हा मी खरेदीच्याही खाली होतो. शेंद्र्याच्या फाट्यावर हेल्मेटवर टक्कन काहीतरी आपटलं, तेव्हा माझ्याकडं सांगायला भावच उरला नव्हता. मी गाडी रानात घातली आणि दिसेल त्या माणसाला ओरडून विचारत सुटलो, "मेंढरं कुठं बसलीत? मेंढरं कुठं बसलीत?"